गरम टोक, गार टोक

वरसाव्याला घोडबंदर रस्ता महामार्गाला मिळतो. खाडीपुलाच्या तोंडाशी ट्रक तुंबले की बाजूने चालणाऱ्याच्या पायाला सायलेन्सरची धग लागते. डिझेलमधल्या उष्णतेचा मोठा वाटा असाच हवेत जातो. या धगीची वीज करणारी गंधकयुक्त खनिजं, म्हणजे सल्फाइडं, आहेत, आणि ती प्रयोगशाळेत कशी घडवतात हे समजून घ्यायचं तर कोल्हापूर गाठावं.

शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं बीकरमध्ये सल्फाइडांचे पातळ थर वाढवले. १९९१ साली लोखंडे यांनी या पद्धतीचा विस्तृत आढावाही प्रसिद्ध केला. निर्वात पंप लागत नाही, मोठी भट्टीही नाही. धातूच्या क्षाराचं द्रावण, त्यात थायोयुरिया, आणि उभी बुडवलेली काचपट्टी. गंधक हळूहळू सुटतं आणि काचेवर थर धरतो. शिसं असेल तर काच आरशासारखी काळी चकाकते. ती चकाकी गॅलेनाची, म्हणजे शिशाच्या सल्फाइड खनिजाची. जगदीशचंद्र बोस यांनी याच खनिजाचा स्फटिक वापरून केलेल्या तरंगशोधकाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं.

थर तयार झाला की तो थर्मो-ईएमएफच्या साध्या जोडणीवर चढतो. पट्टीचं एक टोक तापवायचं, दुसरं गार ठेवायचं आणि दोन्ही टोकांमधला विद्युतदाब मिलिव्होल्टमध्ये वाचायचा. गार टोक ऋण निघालं तर वाहक इलेक्ट्रॉन, म्हणजे पदार्थ एन-टाइप. धन निघालं तर पी-टाइप. कॅडमियम सल्फाइड पहिल्या गटात, तांब्याचं सल्फाइड दुसऱ्यात. मला ही जोडणी फार आवडते. सेबेकने १८२१ मध्ये पाहिलेला परिणाम तिथे एका आकड्याच्या चिन्हात दिसतो.

चिन्ह ओळखणं सोपं. खरी अडचण वीज मिळवण्यात आहे. पदार्थाने वीज सहज वाहू द्यावी, उष्णता मात्र अडवावी. बहुतेक पदार्थांना दोन्ही एकदम जमत नाही. आज या कामासाठी वापरात असलेल्या बिस्मथ टेल्युराइडमधलं टेल्युरियम दुर्मिळ आहे. गंधक मात्र तेलशुद्धीकरणातून ढिगांनी निघतं. म्हणूनच टेट्राहेड्राइटचं महत्त्व. तांबं, अँटिमनी आणि गंधकाच्या या खनिजात काही तांब्याचे अणू सैल बसलेले असतात. त्यांच्या थरथरीत उष्णतेची वाट मोडते. २०१३ मध्ये मिशिगनच्या डोनाल्ड मोरेली यांच्या गटाने खाणीतलं टेट्राहेड्राइट कृत्रिम भुकटीत मिसळून दळलं. साधारण ४५० अंश सेल्सियसला धगीतून वीज करण्याची क्षमता सांगणारा त्याचा गुणांक १ च्या आसपास गेला. या क्षेत्रात तो चांगलाच म्हणायचा.

पण टेट्राहेड्राइट पी-टाइप. जनित्राला एन-टाइपचा दुसरा पाय हवा, आणि तो चाल्कोपायराइट देऊ शकतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासन्याच्या तांब्याच्या साठ्यात ते आहे. पण चाल्कोपायराइटमधून उष्णता फार सहज निसटते. ती अडवण्यासाठी कधी त्याचे कण बारीक करून, कधी त्यात परके अणू घालून पाहिलं जातं.