शुक्राणूच्या शिदोरीतला आरएनए

शुक्राणू म्हणजे डीएनए पोचवणारा निव्वळ हमाल, अशी समजूत बराच काळ होती. पक्व शुक्राणूत जनुकांचं काम जवळपास थांबलेलं असतं; मग त्यात सापडणारा आरएनए उरलासुरला कचराच मानला गेला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या स्टीफन क्रॉवेट्झ यांच्या गटाने दाखवलं, की फलनाच्या वेळी हा आरएनए बीजांडात उतरतो. प्रमाण अगदी नगण्य, बीजांडाचा स्वतःचा साठा कितीतरी मोठा.

खरी गंमत अधिवृषणात आहे. वृषणामागची ही गुंडाळलेली नळी उलगडली, तर सुमारे ६ मीटर भरते. तिच्यातून सरकताना शुक्राणूला भिंतीतल्या पेशींकडून सूक्ष्म पुटिकांतून छोटे आरएनए मिळतात. २०१६ मध्ये स्निग्ध आहारावरच्या नर उंदरांच्या शुक्राणूंतले असे तुकडे निरोगी फलित बीजांडांत टोचले, तेव्हा पिल्लांत ग्लुकोजच्या चयापचयाचे बिघाड दिसले. म्हणजे बापाच्या ताटाची खबर गर्भापर्यंत जाते, निदान उंदरांत.

माणसाबाबत इतकं ठामपणे बोलणं घाईचं. वीर्यतपासणीत आजही मुख्यतः संख्या, हालचाल आणि आकारच पाहतात. ‘आरएनए चाचणी’ची जाहिरात दिसली, तर पाकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं.