फाईल डिलीट झाली? आधी हात थांबवा!

तायांनो, ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवरून कर्जवाटपाची फाईल चुकून डिलीट झाली, तर घाबरू नका. आधी डेस्कटॉपवरचं रिसायकल बिन उघडा. फाईल तिथे दिसली तर तिच्यावर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' दाबा. ती जुन्या जागी परत जाते.

शिफ्ट दाबून डिलीट केलेली किंवा पेन ड्राइव्हवरची फाईल मात्र तिथे सापडत नाही. तरी ती बहुतेक वेळा लगेच पुसली जात नाही. वहीच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं, तरी आतलं पान तसंच राहतं ना? तसंच हे. पण कॉम्प्युटर ते पान कोरं समजतो आणि त्यावर नवीन लिहितो. म्हणून त्या डिस्कवर काही सेव्ह किंवा डाऊनलोड करू नका. जाणकाराकडून 'रेकुवा' किंवा 'फोटोरेक' हे सॉफ्टवेअर दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून चालवून घ्या. सापडलेली फाईलही दुसरीकडेच ठेवा. एसएसडी डिस्क असेल तर आशा कमी, कारण ती अशी जागा स्वतःच साफ करते.

यापुढे दर बैठकीनंतर फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. सह्यांची वहीही चालूच ठेवा. गटाच्या कष्टाचा हिशोब एकाच डिस्कच्या भरवशावर नको!