'उपांत्य' आणि 'बिनतोड' : पुण्याच्या टेनिस स्पर्धेतील काही शब्द

पुण्यातील बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ चा अपवाद वगळता, 'टाटा ओपन महाराष्ट्र' ही व्यावसायिक पुरुषांची हार्ड कोर्टवरील टेनिस स्पर्धा भरत असे. २०१७ पर्यंत ती चेन्नईस होई. २०२४ च्या जागतिक कार्यक्रमात तिला स्थान मिळाले नाही. स्पर्धा गेली, तरी तिच्या वृत्तांतांतील मराठी अभ्यासास उपलब्ध आहे. या परिभाषेस निव्वळ भाषांतर समजण्याची प्रवृत्ती आपल्या वर्गांतही दिसते. ती मला मान्य नाही.

प्रथम फेऱ्यांची नावे पाहू. एकेरीत खेळाडू २८. पहिल्या चार मानांकितांना 'पुढे चाल' मिळे. उरलेल्या २४ जणांचे १२ सामने होऊन दुसऱ्या फेरीत १६ जण राहत. यापुढच्या फेऱ्यांस इंग्रजीत 'क्वार्टर फायनल' व 'सेमी फायनल' म्हणतात. ही पदे अपूर्णांकवाचक आहेत. मराठीने पाव-अर्ध्याचा हिशेब स्वीकारलाच नाही. तिने व्याकरणातील 'उपांत्य' उचलला. 'गरीब' शब्दातील उपांत्य ईकार दीर्घ का, हे ज्यास ठाऊक आहे त्यास 'उपांत्य फेरी' निराळी समजावून सांगावी लागत नाही. अंत्याच्या लगतची ती उपांत्य, आणि तिच्या आधीची ती उपांत्यपूर्व. म्हणजे मराठी नाव स्थान सांगते, संख्या सांगत नाही. आठ खेळाडू उरल्याचे 'उपांत्यपूर्व' या शब्दावरून कळत नाही, ही त्याची मर्यादा होय. मोठ्या स्पर्धांच्या वृत्तांतांत क्वचित 'उपउपांत्यपूर्व' आढळतो. तेथे मात्र सरळ 'चौथी फेरी' म्हणावे. उपसर्गालाही सोसण्याची सीमा असते.

'बिनतोड सर्व्हिस' याहून बोलका. इंग्रजी 'एस' हा फाशावरील वा पत्त्यावरील एक्का. मराठी शब्द वादविवादातून आला. ज्या युक्तिवादास तोड नाही तो बिनतोड, तशीच ही सर्व्हिस. २०१९ च्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसनने इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असे हरविले. दोघेही दोन मीटरांहून उंच व सर्व्हिसबद्दल ख्यातनाम. अशा सामन्याच्या वर्णनात या शब्दावाचून भागत नाही.

'टायब्रेकर' मात्र तसाच राहिला, आणि 'हार्ड कोर्ट'ही. डांबर वा काँक्रीटवर ॲक्रिलिकचा लेप दिलेल्या या पृष्ठभागास 'कठीण कोर्ट' म्हणता आले असते. परंतु आजच्या मराठीत 'कठीण' म्हणजे मुख्यतः अवघड, आणि अवघड तर मातीचे कोर्टही असते.