लाइव्ह गाण्यासाठी माइक घेताय? आधी हे समजून घ्या

बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर असो, मुलुंडचं कालिदास नाट्यगृह असो की घाटकोपरमधल्या सोसायटीचा गणेशोत्सव. गाणं रंगात येतं आणि अचानक स्पीकरमधून कर्कश शिट्टी वाजते. सगळे गायकाकडे बघतात. पण चूक अनेकदा माइकच्या निवडीत असते.

शिट्टी का वाजते?
स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फिरत फिरत वाढत जातो. यालाच फीडबॅक म्हणतात. त्यामुळे स्टेजवरचा माइक काय ऐकतो, यापेक्षा काय ऐकत नाही हे महत्त्वाचं.

कंडेन्सर की डायनॅमिक?
कंडेन्सर बारकावे छान टिपतो, पण त्याला सहसा ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. शिवाय तो नाजूक असतो. डायनॅमिक माइक दणकट असतो आणि त्याला वेगळी पॉवर लागत नाही. १९६६ मध्ये आलेला शुअरचा 'एसएम ५८' याच प्रकारातला, आजही जगभर वापरात आहे.

पॅटर्न बघा
कार्डिऑइड माइक मागचा आवाज सर्वांत कमी घेतो, म्हणून मॉनिटर स्पीकर बरोबर त्याच्या मागे ठेवा. सुपरकार्डिऑइड बाजूचा आवाज अधिक टाळतो, पण मागचा थोडा घेतो. त्यामुळे मॉनिटर जरा तिरका हवा.

आणि हो, स्टाइल म्हणून माइकची जाळी मुठीत धरू नका. मागचा आवाज अडवण्याची त्याची क्षमताच जाते. मग महागडा माइकही शिट्टी वाजवणारच!