मालक नसलेल्या वहीचा नियम कोण बदलतो?



गेल्या महिन्यात खोडव्यातील पाचटाच्या विषयावर आम्ही एका गट ऑफिसात बैठक घेतली. पाचट राहिले बाजूला. मागच्या बाकावरून एका तरुण सभासदाने विचारले, "साहेब, बिटकॉईनला म्हणे मालक नाही, चेअरमन नाही. मग नियम बदलायचा झाला तर सभा कोण बोलावतं?" आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. म्हणून माहिती काढून आज लिहीत आहोत.

आधी वही समजून घेऊ. समजा, आपल्या काट्याच्या वजनवहीची नक्कल पुष्कळ सभासदांच्या घरी आहे. नवे पान लिहिले की ते सर्वांकडे जाते. प्रत्येक जण ते नियमात बसते का हे तपासतो, मगच आपल्या वहीला जोडतो. या साखळीला 'ब्लॉकचेन' म्हणतात. बिटकॉईनची वही जानेवारी 2009 पासून अशी चालू आहे. साधारण दहा मिनिटांना एक पान जोडले जाते. मोठी यंत्रे लावून पान तयार करणारे ते 'मायनर', आणि नक्कल ठेवून पान तपासणारा संगणक तो 'नोड'.

आता नियम बदलण्याची रीत. ज्याला सुधारणा सुचते तो लेखी प्रस्ताव मांडतो. त्याला 'बीआयपी', म्हणजे बिटकॉईन सुधारणा प्रस्ताव, म्हणतात. ही पद्धत 2011 साली सुरू झाली. प्रस्तावाला क्रमांक मिळतो, जाणकार त्यातल्या चुका काढतात, प्रोग्रॅम लिहून तपासतात. पण क्रमांक मिळाला म्हणजे मंजूर झाला असे नव्हे. लोकांनी तो प्रोग्रॅम आपापल्या संगणकावर घेतला, तरच नियम चालतो.

याची खरी कसोटी 2017 साली लागली. वहीच्या एका पानाला 1 मेगाबाईटची मर्यादा होती. व्यवहार वाढले आणि ऐन हंगामात काट्यापुढे गाड्यांची रांग लागावी तशी रांग लागली. शुल्कही चढले. एक पक्ष म्हणाला, पानच मोठे करा. दुसरा म्हणाला, पान मोठे केले तर नक्कल ठेवणे साध्या माणसाला जड जाईल. त्यापेक्षा सह्यांचा मजकूर वेगळ्या पुरवणीत ठेवा, म्हणजे पानात जागा होईल. ही दुसरी सूचना म्हणजे 'सेगविट', प्रस्ताव क्रमांक 141.

तो लागू होण्यासाठी साधारण दोन आठवड्यांच्या 2016 पानांपैकी 95 टक्के पानांवर मायनरांनी संमतीची खूण करायची होती. महिनोन्महिने तेवढी संमती जमेना. मे 2017 मध्ये मोठ्या कंपन्या आणि मायनर यांनी आपसात तडजोड केली: आधी सेगविट, नंतर पानाची मर्यादा दुप्पट. इकडे काही नोडवाल्यांनी प्रस्ताव 148 उचलून धरला. 1 ऑगस्टपासून ज्या पानावर सेगविटची खूण नाही, ते पान आम्ही घेणारच नाही, असे ते म्हणाले. दोन्ही बाजूंनी दडपण आले, जुलैत मायनरांची संमती भराभर वाढली आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी सेगविट लागू झाले.

ज्यांना मोठे पानच हवे होते, त्यांनी 1 ऑगस्टलाच वेगळी चूल मांडली. त्यांची वही म्हणजे 'बिटकॉईन कॅश'. आणि तडजोडीतला दुप्पट मर्यादेचा बेत? पुरेशी एकवाक्यता नाही म्हणून तो नोव्हेंबर 2017 मध्ये मांडणाऱ्यांनीच मागे घेतला. यंत्रांची ताकद पाठीशी असूनही सामान्य नोडवाल्यांच्या गळी तो उतरला नाही.

त्या तरुण सभासदाला आमचे उत्तर हे: तिथे सभा कोणीच बोलावत नाही. नियम वाचून स्वीकारणारे किंवा नाकारणारे जितके जागे, तितकाच नियम पक्का. म्हणून 'याचा नियम कधी बदलत नाही' असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर सावध राहावे. नियम बदलतो, वहीसुद्धा फुटते, आणि दाद मागायला तिथे निबंधक नाही.

आपल्याकडे निबंधक आहे, सभा आहे, दहा गुंठेवाला आणि पन्नास एकरवाला दोघांना एकच मत आहे. पोटनियम दुरुस्तीला दोन तृतीयांश बहुमत लागते. पण सभेत "मंजूर, मंजूर" म्हणून हात वर करायचा आणि आठ दिवसांनी गट ऑफिसात येऊन "साहेब, दुरुस्ती कसली होती हो?" असे विचारायचे, हेही आम्ही पाहिले आहे. मत असून ते न वाचता देणे, हे मत नसल्यासारखेच.

वार्षिक सभेची विषयपत्रिका घरी येईल. ती कोनाड्यात ठेवू नका. जुना पोटनियम आणि नवा पोटनियम शेजारी ठेवून वाचा, मुलाला मोठ्याने वाचायला लावा. समजले नाही तर सभेआधी गट ऑफिसात या, आम्ही बसून समजावू. काट्यावरची पावती आपण तपासून घेतो, तसाच नियमही तपासून घ्यावा, एवढीच विनंती.