वारुळावरच्या अळंबीची ओळख

उंब्रजपाशी तारळी कृष्णेला मिळते. तिथून चाफळच्या बाजूला वळले की उसाचे काळे रान मागे पडते आणि मुरमाड माळ, डोंगरउतार सुरू होतात. पाऊस जमिनीत मुरला की अशा माळावरच्या जुन्या वारुळांभोवती अळंबी उगवते. त्यात कधी न पाहिलेली एखादी दिसली की फोटो निघतो आणि लगेच ‘दुर्मीळ’ असा शिक्का बसतो. मला ही घाई वाटते.

वर दिसते ते बुरशीचे फळ. तिचा देह जमिनीत असतो. वारुळावरची अळंबी ‘टर्मिटोमायसिस’ या प्रजातीतली. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये तिला हे नाव दिले. वाळवी चघळलेल्या पाल्यालाकडाची पोळी वारुळात रचते, तिच्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षे जुनी आहे. छत्र्या मात्र वर्षातून मोजके दिवस वर येतात. त्यामुळे अनेक पावसाळे अळंबी दिसली नाही, म्हणून ती तिथे नाही असे होत नाही.

ओळखायची तर आधी खणावे लागते. या अळंबीच्या दांड्याला बहुधा मुळासारखी लांब शेपटी असते आणि ती थेट वाळवीच्या पोळीपर्यंत जाते. जमिनीलगत खुडली की मुख्य पुरावाच मातीत राहतो. मग छत्रीचा रंग, वास, कापल्यावर होणारा बदल, सगळे ताजेपणीच लिहून ठेवायचे. छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर येतो. गवतात उगवणाऱ्या विषारी ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’चा हिरवट. कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरेच असतात, म्हणून लोक फसतात. चांदीचे नाणे काळे पडते का, हे पाहून विष कळत नाही. ओळख पक्की होईपर्यंत अळंबी चुलीपासून लांबच ठेवावी.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे आणि डीएनएचे. बुरशींच्या ओळखीसाठी ‘आयटीएस’ हा डीएनएचा तुकडा २०१२ पासून प्रमाण मानला जातो. पण तो जुळवून पाहायला खात्रीचा नमुना हवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा संग्रह आहे, तिथे असे वाळवलेले नमुने जपलेले असतात. जात खरोखर नवी निघाली तर एक नमुना कायमचा संग्रहात ठेवावा लागतो आणि नावाची आंतरराष्ट्रीय नोंदही करावी लागते. २०१३ पासून या नोंदीशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. जगात बुरशींच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा अंदाज आहे. नाव मिळालेल्या सुमारे दीड लाख.

माळ सपाट करून ऊस लावला की वारूळ जाते, आणि त्यासोबत पोळीही. म्हणून नमुना घेताना जागेची नेमकी नोंद करावी आणि त्याच वारुळातले वाळवीचे चार-दोन शिपाई मद्यार्कात ठेवावेत. वाळवीची जात बहुधा शिपायांच्या डोक्यावरून आणि जबड्यांवरून ओळखतात, आणि या अळंबीची माहिती तिला पोसणाऱ्या वाळवीशिवाय अर्धीच राहते.