डिझेल इंजिन आवरेनासे झाले तर



खळ्यावर मळणी संपत आली आहे. ट्रॅक्टर जुना, वय साठीच्या पुढचे. चालक हाताची दांडी खाली घेतो, पण इंजिन उतरत नाही; उलट त्याचा आवाज चढू लागतो. तो किल्ली फिरवतो. काही होत नाही. धुराड्यातून धुराचे लोट निघतात आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थरथरू लागतो. भोवतालची माणसे ओरडू लागतात. कुणी मुंडासे सोडून हवेच्या नळीत कोंबायला धावतो, तर कुणी नळीवर हातच ठेवायला जातो.

अशा वेळी इंजिन तर जातेच, पण माणूसही जायची भीती असते. म्हणून ही गोष्ट आज, खळे शांत असताना, समजून घेऊ या.

आता तुम्ही म्हणाल, किल्ली फिरवूनही इंजिन बंद होत नाही, हे कसं? तर मुळाशी जाऊ. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून चारदोन वेळा जोराने दांडा मारा. पंपाचे टोक गरम लागते. दाबली की हवा तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरले, ते याच तत्त्वावर. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की तीत तेलाचा फवारा पडताच तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही. मग किल्लीने वीज तोडून काय होणार? शिक्षक मित्रांनी हा पंपाचा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा.

पेट्रोलच्या इंजिनात हवेलाही लगाम असतो. बहुतेक डिझेल इंजिनांत हवा मोकळी असते. लगाम असतो तो फक्त तेलाला. किती तेल सोडायचे हे गव्हर्नर ठरवतो. म्हणजे इंजिन सुटले याचा अर्थ एकच : त्याला कुठून तरी जास्त खाद्य मिळते आहे. त्याला दारे दोन. एक पुढचे, म्हणजे डिझेलचा पंप. दुसरे चोरदार, म्हणजे हवेची वाट. वंगणाचे तेलसुद्धा सिलिंडरमध्ये पेटते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शिवाय इंजिन जितके जोरात पळेल तितके ते जास्त ओढते, आणि जितके ओढेल तितके पळते. म्हणून ते आपोआप शांत होईल या आशेवर राहू नये.

दोष कोणत्या दारात आहे हे तीन प्रश्नांनी कळते.

पहिला प्रश्न : बंद करायची दांडी ओढल्यावर इंजिन थांबले का? थांबले, तर खाद्य पंपातून येत होते आणि दोष बहुधा गव्हर्नरमध्ये आहे. इंग्लंडात डॅगनहॅमला तयार झालेल्या जुन्या फोर्डसन मेजर ट्रॅक्टरचे उदाहरण घ्या. त्याचा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो. हवेच्या वाटेत एक झडप आणि अरुंद गळा असतो. तिथली ओढ बारीक नळीने पंपापर्यंत जाते आणि एका पडद्याला खेचून तेल कमी करते. पडद्यामागची स्प्रिंग मात्र सदा तेल वाढवायला टपलेली असते. पडदा फाटला, नळी तडकली किंवा तिचा सांधा सैल झाला की ओढ नाहीशी होते, स्प्रिंग जिंकते आणि इंजिन सुटते.

याची परीक्षा इंजिन बंद असताना करता येते. पंपाकडची नळी सोडा. बंद करायची दांडी पूर्ण ओढून धरा, नळीच्या तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडी सोडा. पडदा चांगला असेल तर दांडी हळूहळू परत येते. झटकन आली तर हवा कुठेतरी निसटते आहे.

दुसरा प्रश्न : दांडी ओढूनही थांबले नाही, तर धूर कसला होता? काळा असेल तर बहुधा पंपाची आतली पट्टी पूर्ण तेलावर अडकली आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये, डिझेलमध्ये पाणी शिरून किंवा ते चिकट होऊन, असे घडते. इंजिन सुरू होताक्षणीच चढले तर हा संशय आधी घ्यावा. धूर निळसर-पांढरा आणि दाट असेल, तर इंजिन वंगणाचे तेल पीत होते.

तिसरा प्रश्न : इंजिन थंड झाल्यावर तेलाची पट्टी काय सांगते? पातळी उतरली असेल तर झिजलेल्या रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल वर चढले असेल. पातळी चढली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फुटून किंवा नोझल गळून डिझेल खाली उतरले आहे. पातळी तशीच असेल तर तेलाचा एअर क्लीनर उघडा. वाटीत खुणेच्या वर तेल भरले असेल तर चोर तिथेच सापडतो. “थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं?” असे म्हणणाराने हे विसरू नये.

पण हे सारे नंतरचे. इंजिन सुटलेले असताना काय करावे?

आधी पोरेबाळे आणि बघे दूर काढा. इंजिनाच्या बाजूला उभे राहू नका. फ्लायव्हील किंवा पंखा फुटला तर तुकडे बाजूंनाच उडतात. बंद करायची दांडी ओढा. नाही थांबले तर हवा तोडा. सपाट, जाड फळी किंवा पत्रा हवेच्या तोंडावर घट्ट बसवा. हवा नाही तर आग नाही. मग तेल कुठूनही येवो. हात मात्र कधीही लावू नका. ती ओढ हाताला इजा करते. मुंडासे किंवा सदराही नको. तो आत ओढला जातो. वाटेतले रबर फुटलेले असेल तर वरचे तोंड झाकून उपयोग होत नाही, म्हणून ते आधीच बदललेले बरे.

चालक बसलेलाच असेल, पुढे मोकळी जागा असेल आणि मळणीयंत्र जोडलेले नसेल, तर मोठ्या गिअरमध्ये ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडला की इंजिन दबून बंद पडू शकते. टाकीची तोटी बंद करावी, पण तिच्या भरवशावर राहू नये. नळ्यांत आणि फिल्टरमध्ये उरलेले डिझेल बराच वेळ पुरते. एवढे करूनही थांबले नाही, तर सरळ लांब जा. इंजिन फुटले तर दुसरे मिळेल.

शेवटी एक सवय लावून घ्या. दुरुस्तीनंतर किंवा पावसाळ्यानंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना बंद करायची दांडी मोकळी फिरते की नाही ते पाहा, एअर क्लीनरच्या वाटीतले तेल खुणेबरोबर आहे का ते पाहा, आणि हवेच्या तोंडाच्या मापाची एक फळी कापून जवळ ठेवा. तिच्यासह एक जाणता माणूस उभा असू द्या. ती फळी कदाचित जन्मात एकदाही लागणार नाही. पण लागली, तर तेव्हा शोधायला वेळ नसेल.